एकदम सगळं नको, आधी बघा ते काम रोज कोणाच्या हातून होणार

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपायच्या आधी परत एकदा वाचला, कारण ह्यातल्या निम्म्या गोष्टी माझ्या स्वतःच्या घरात होऊन गेल्यात. नंतर जे वाचतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई ठाण्यात राहतात, टू बीएचके, घरात सासू-सासरे, नवरा आणि आठ महिन्यांचं बाळ. जानेवारीत त्यांनी ठरवलं की ह्या वर्षी घर पर्यावरणपूरक करायचं म्हणजे करायचंच. मग ओल्या कचऱ्याचं खत करायची कंपोस्टची बादली आली, बांबूचे ब्रश आले, स्टीलचे स्ट्रॉ, आठ कापडी पिशव्या, बाळासाठी सहा हजारांचे कापडी डायपर, आणि स्वतः त्यांनी मासे-मटण सोडलं. मे उजाडेपर्यंत बादलीत अळ्या झाल्या आणि सासूबाईंनी ती उचलून टाकायला लावली, डायपर कपाटात पडून आहेत, आणि मामेभावाच्या हळदीला सुरमई खाल्ली. नवरा चेष्टा करतो. आता त्या विचारतायत की मी ढोंगी आहे का, एका घराने असा काय फरक पडतो, आणि परत सुरुवात करायची तर कुठून. आणि शेवटी एक छोटासा प्रश्न, की घरातले पंधरा-वीस प्लॅस्टिकचे डबे टाकून काचेचे आणू का.

मी पुण्यात गेली तेरा-चौदा वर्षं सोसायट्यांमधे ओल्या कचऱ्याचं काम करते. प्रकल्प बसवून देते आणि मग तो चालू राहील हे बघते. बसवून देणं दोन दिवसांचं काम असतं, चालू ठेवणं हाच खरा धंदा. त्यामुळे मी जे सांगतीये ते त्या अनुभवातून, पुस्तकी काही नाही.

ढोंगी वगैरे काही नाही हो. सुरमई खाल्लीत, चांगली होती का ते सांगा आधी. तुमचा प्रॉब्लेम इच्छाशक्तीचा नाहीचे मुळी. तुम्ही एका महिन्यात चार-पाच नवीन कामं घरात आणलीत आणि ती रोज कोण करणार हे कोणाशी बोलला नाहीत, अगदी स्वतःशीसुद्धा नाही. बादली रोज हलवायची, कापडी डायपर रोज धुवायचे वाळवायचे, तुमच्यासाठी वेगळी भाजी करायची. आठ महिन्यांचं बाळ आणि नोकरी असलेल्या बाईच्या दिवसात ही कामं बसवायला जागाच नव्हती. मग ती कोणावर तरी पडली, सासूबाईंवर, कामवाल्या मावशींवर, आणि त्यांनी ती मागितलेली नव्हती. मी आता कुठल्याही घरात गेले की कुठली वस्तू जास्त ग्रीन आहे हे नंतर बघते, पहिला प्रश्न विचारते की हे काम रोज कोणाच्या हातून होणार. उत्तर ‘सगळे मिळून करू’ असं आलं की मी समजून जाते, महिनाभरात बंद पडणार.

हे मी शिकले ते तोंडावर आपटूनच. माझ्या पहिल्या सोसायटीत आम्ही उत्साहाने खताचे दोन मोठे पिट, म्हणजे हौद, बांधले, उद्घाटन केलं, चेअरमननी नारळ फोडला, पेढे वाटले. पिट हलवायचं काम ‘कमिटी बघेल’ असं ठरलं. जूनमधे पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसात असा वास सुटला की तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडक्या बंद करून घेतल्या आणि मला फोन करून जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. चूक पिटची नव्हती. हलवणारं कोणी नव्हतं आणि सुका पालापाचोळा साठवलेला नव्हता, एवढंच. दुसऱ्या वर्षी तेच पिट, पण एका काकांना महिन्याला ठरवून पैसे द्यायला लागलो, रोज सकाळी वीस मिनिटं, आणि तो प्रकल्प आजही चालू आहे. कोणी त्याच्याबद्दल आता बोलतही नाही. मला विचाराल तर एखादी सवय घरात मुरली हे ओळखायची खूण तीच, की तिच्याबद्दल बोलणं बंद होतं. तोपर्यंत दुसरी सुरू करू नये.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. गॅलरीत ऊन येतं का, घर स्वतःचं की भाड्याचं, सोसायटी ओला कचरा वेगळा घेते की सगळं एकाच गाडीत जातं, घरखर्चाचे निर्णय कोण घेतं, दिवसा घरी कोण असतं. ह्यातलं काही मला माहीत नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरून अंदाज बांधतीये. चुकला असेल तर तेवढं सोडून द्या.

आधी बादलीचं बोलू, कारण अळ्या हा विषय माझ्या आवडीचा आहे (घरच्यांना जेवताना नको असतो). कंपोस्टमधे ज्या जाड, राखाडी, चपट्या अळ्या होतात त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या कचऱ्याचा फडशा पाडतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. पण देवघराच्या भिंतीपलीकडे वळवळणाऱ्या अळ्या बघून सासूबाईंना हे ज्ञान द्यायला जाऊ नका, त्यांचं काही चुकलेलं नाही. अळ्या झाल्या म्हणजे एक तर बादली फार ओली होती, किंवा वरचा थर उघडा राहात होता, नाहीतर दोन्ही.

कंपोस्टमधे खरं शिकण्यासारखं एकच आहे, ओलं आणि सुकं ह्याचा मेळ. भाजीची देठं, फळांची सालं, उष्टं हे सगळं ओलं, त्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर. सुकी पानं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा ह्यात कार्बन. जंतूंना कार्बन पंचवीस-तीस भाग आणि नायट्रोजन एक भाग असं साधारण लागतं, पण घरात कोण हे मोजत बसणार, म्हणून मी सांगते की जेवढी ओंजळ ओला कचरा तेवढीच ओंजळ चुरलेली सुकी पानं, कोकोपीट असेल तर त्याच्या निम्मं. वरून पानांचा थर असा द्यायचा की खालची एकही साल दिसता कामा नये. साल दिसली की चिलटं आलीच. कळायची दुसरी युक्ती म्हणजे मूठ. बादलीतलं मूठभर उचला आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून पाणी गळलं तर ओलं जास्त, पानं घाला आणि झाकण थोडा वेळ उघडं ठेवा. मूठ उघडल्यावर गोळा लगेच भुरभुर सुटला तर कोरडं, पाणी शिंपडा. गोळा राहिला आणि हात फक्त दमट झाला, की झालं. हाताला घाण वाटत असेल तर हातमोजा घाला, मीही घालते, त्यात काय एवढं.

सुरुवातीला विरजण म्हणून थोडं तयार खत किंवा दोन-तीन चमचे आंबट ताक पाण्यात घालून शिंपडलं तरी चालतं, बाजारातली कल्चरची पावडर घेतलीच पाहिजे असं नाही. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती चांगली. सडलेल्या अंड्यासारखा वास आला म्हणजे आत हवा नाही, खालपर्यंत हलवा आणि पानं घाला. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, हाडं बादलीत नको, कोयी तर मी दोन वर्षांनी जशाच्या तशा बाहेर काढल्यात. लिंबू-संत्र्याची सालं थोडी चालतात, ढीगभर नको. वरण-आमटी ओतू नका, आधी गाळा. बादली भरल्यावर दुसरी सुरू करायची आणि पहिलीला दीड-दोन महिने मुरू द्यायचं. मातीसारखा वास आला की झालं खत, आणि त्यातलं पहिलं ओंजळभर सासूबाईंच्या तुळशीला घाला. हे मी गोड बोलायचं म्हणून सांगत नाहीये. खत कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर पोत्यात भरून पडून राहतं, आणि मग माणूस म्हणतो कशाला करतोय आपण हे.

एका घराने फरक काय पडतो, तर हिशोब करून बघा. चार-पाच माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. सहाशे ग्रॅम धरले तर वर्षाला दोनशे किलोच्या वर. हा डंपिंगला गेला की ढिगाखाली दबून हवेशिवाय सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. मुंबईचं देवनार डंपिंग ग्राउंड १९२७ पासून कचरा घेतंय, जानेवारी २०१६ मधे तिथे लागलेली आग तुम्हाला आठवत असेल, धूर कुठवर गेला होता. आमच्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात होता, तिथल्या विहिरी खराब झाल्या, शेवटी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहराला कळलं की आपला कचरा कोणाच्या तरी दारात पडतो. माझ्या दृष्टीने एथिकल ह्या शब्दाचा अर्थ इथूनच सुरू होतो.

आणि जर बादली जमणारच नसेल तर नका करू. खरंच. नुसता ओला, सुका आणि डायपर-पॅड असे तीन भाग वेगळे दिलेत तरी पुष्कळ झालं. कचरा वेगळा करून द्यायचा हे घनकचऱ्याच्या नियमांतही आहे, आपण पाळत नाही एवढंच. मी एकदा पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक बायकांबरोबर एक सकाळ फिरले होते. स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा घेते, आणि तिच्यामागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही १९९३ पासूनची संघटना. एका ताईंनी कागदात न गुंडाळलेला डायपर भाजीच्या देठांमधून हाताने बाजूला केला, मला म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही लांब उभ्या राहा.’ त्या मात्र जवळच उभ्या होत्या. त्यांचा लाल ठिपक्याचा आग्रह आहे, पॅड-डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनने ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. पाच सेकंदाचं काम आहे. बांबूच्या ब्रशच्या आधी हे करा.

ब्रशवरून आठवलं, एक वजनाचा हिशोब. प्लॅस्टिकचा ब्रश पंधरा-वीस ग्रॅमचा, चार माणसांचे वर्षाला सोळा ब्रश धरले तर तीनशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्या घरात रोज एक लिटर दूध येत असेल तर अर्ध्या लिटरच्या वर्षाला सातशे तीस पिशव्या होतात, एकेक दोन-अडीच ग्रॅमची असली तरी दीड किलोच्या आसपास. आणि ही पिशवी रद्दीवाला घेतो, फक्त धुवून वाळवलेली पाहिजे. ती फाडताना कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट कापा आणि लटकत राहू द्या. तो सुटा झालेला इवलासा त्रिकोण कोणीच गोळा करत नाही, तो गटारात जातो. माझ्याकडे सिंकच्या वर टाइलला एक हुक आहे, त्यावर पिशव्या उलट्या वाळतात, दिसायला काही सुंदर नाही, पाहुणे विचारतात हे काय. असू दे.

कापडी पिशव्या आठ घेतल्यात, आता नववी घेऊ नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मधे हिशोब केला होता, नवीन सुती पिशवी किमान बावन्न वेळा वापरली तर कुठे हवामानाच्या बाबतीत ती साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, आणि पाणी वगैरे सगळं धरलं तर आकडा काही हजारांत जातो. म्हणजे कापसाला पाणी, खत, रंग सगळं लागतंच की. जुन्या पँटच्या पायाची शिवलेली पिशवी हिला ह्या हिशोबात तोडच नाही. आणि पिशवी विसरणं हा खरा रोग आहे, त्यावर औषध म्हणजे एक चपलांच्या स्टँडला लटकवा, एक ऑफिसच्या पर्समधे घडी घालून ठेवा. स्टीलच्या स्ट्रॉबद्दल मला काही बोलायचं नाहीये, देवाने ओठ दिलेत.

आता डायपर. ठाण्याच्या पावसाळ्यात जाड कापडी डायपर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे, जाहिरातीत कायम ऊन असतं. म्हणून रात्री आणि बाहेर जाताना डिस्पोजेबल वापरा, अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. दिवसा घरी असताना पातळ सुती लंगोट, जुन्या धोतराचे किंवा मऊ साडीचे, जे पंख्याखालीसुद्धा वाळतात. ते सहा हजारांचे उन्हाळ्या-हिवाळ्यात काढा. पण ह्याहून मोठी गोष्ट तुमच्या घरातच बसलीये. सासूबाईंना विचारा, तुमच्या नवऱ्याला त्यांनी कितव्या महिन्यात ‘सूऽऽ’ करायला शिकवलं होतं. बाळ झोपेतून उठल्या उठल्या आणि दूध प्यायल्यावर थोड्या वेळाने न्हाणीत धरायचं, तोंडाने सूऽऽ करायचं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय हे, बाळ बसायला लागलं की अजून सोपं जातं. रोज दोन वेळा जरी साधलं तरी रोजचे दोन डायपर वाचतात. आणि हे काम त्यांना येतं, तुम्हाला येत नाही. ज्या बाईला तुम्ही ‘अळ्यांना घाबरणारी’ म्हणून विरोधी पार्टीत टाकलंयत ती ह्या कामात तुमची गुरू आहे. मागून बघा मदत. जबरदस्ती नको, बाळ रडलं की सोडून द्यायचं.

इथे एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की ‘कामवाल्या मावशी डायपर धुवायला कुरकुर करतात’. करणारच ना. पगार तोच, काम वाढलं, आणि तेही घाणीचं. घर ग्रीन करण्याच्या नादात आपण कष्ट हळूच दुसऱ्या बाईच्या अंगावर सरकवतो आणि वर आपल्याला पुण्य मिळाल्यासारखं वाटतं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय, सुरुवातीला माझ्याच घरात होतं. वाढीव काम असेल तर वाढीव पैसे, आधी विचारून. परवडत नसेल तर ते काम आपण किंवा नवऱ्याने करायचं. नवरा चेष्टा करतो म्हणालात, त्याला काहीतरी त्याच्या नावावर द्या, भाषण न देता. सुक्या कचऱ्याची पिशवी महिन्यातून दोनदा रद्दीवाल्याकडे नेणं, हे पुरुषांना बरं जमतं, पैसे मिळतात ना!

आणि विजेचं कामही त्यालाच द्या, कारण इथे आकडे आहेत. जुना सीलिंग फॅन सत्तर-ऐंशी वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) तीसच्या आसपास. पंचेचाळीस वॉटचा फरक धरा, दिवसाला बारा तास, म्हणजे महिन्याला सोळा युनिट, एका फॅनमागे. तुमच्याकडे चार फॅन चालत असतील तर साठ-पासष्ट युनिट. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला चाळीसहून जास्त किलो, आणि रोज कोणालाही काहीही करावं लागत नाही! एकदा लावला की विसरा. म्हणून मला हे बदल आवडतात, ह्यात कोणाच्या हातावर काम वाढत नाही. सगळे फॅन एकदम काढून फेकू नका, जो बिघडेल किंवा सगळ्यात जास्त चालतो तो आधी. एसी असेल तर चोवीस-सव्वीसवर ठेवून फॅन बारीक चालू ठेवा, बीईई, म्हणजे वीज बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, म्हणते एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते. गीझर दोन हजार वॉटचा, अर्धा तास म्हणजे एक युनिट, अंघोळीला जायच्या वेळीच लावायचा. सोलरचं भाड्याच्या घरात किंवा टॉवरमधे अवघड असतं, त्यात आत्ता पडू नका.

बरं, तुमच्या पत्रात एक वाक्य होतं की ‘रोज लोकलच्या गर्दीत दोन तास जातात त्यामुळे घरी आल्यावर काही सुचत नाही’. हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंयत. पण ताई, तुम्ही रोज ठाण्याहून लोकलने कामाला जाता, एकटीने गाडी काढून जात नाही, हेच तुमच्या सगळ्या ब्रश-स्ट्रॉ-पिशव्यांच्या वर आहे. वर्षानुवर्षं करताय, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून तुम्ही ते मोजलंच नाहीत. घरातलं असं जे आधीपासून चालू आहे त्याची एकदा यादी करा. वरण कुकरमधे होतं, डाळ भिजवून लावली तर गॅस अजून कमी. कपडे दोरीवर वाळतात, बाळाला मावसबहिणीच्या मुलाची झबली आलीत. आणि हे सगळं आपल्या आज्या पर्यावरणासाठी करायच्या असं काही मी म्हणणार नाही, परवडत नव्हतं म्हणून करायच्या. माझ्या आजीकडे पहिली प्लॅस्टिकची बादली आली तेव्हा तिला कोण आनंद झाला होता, कारण त्याआधी पितळेची भरलेली बादली कमरेवर आदळत आणावी लागायची. तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

माशांचं. सोडायचं की नाही हा तुमचा प्रश्न, मी स्वतः सोडलेले नाहीत. पण सगळं किंवा काहीच नाही ह्याच्या मधे खूप जागा आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, कारण पावसात मासे अंडी घालतात. ते दोन महिने ताजे मासे नाही आणायचे, सोडे, सुकट, बोंबील आहेतच, पावसात तर तेच चांगले लागतात. दुसरं, वीतभरसुद्धा नसलेली पापलेटं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, ती पिल्लं असतात, त्यांना एकदाही अंडी घालायला मिळालेलं नसतं. २०२३ मधे पापलेटला राज्यमासा केलं ते ह्याच काळजीपोटी. तिसरं, सारखं सुरमई-पापलेट न करता बांगडा, तारली, मांदेली आणा, लवकर वाढणारे मासे आहेत आणि खिशालाही बरे. आणि हळदीला सुरमई ताटात आली तर खावी. वाढणाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

मग आता क्रम. मी तुमच्या जागी असते तर जूनमधे फक्त तीन डबे आणि लाल ठिपका, दुसरं काही नाही. त्याच्याबद्दल घरात बोलणं बंद झालं की, समजा गणपतीपर्यंत, एक फॅन. बादली दसऱ्यानंतर, पाऊस गेल्यावर, तेही सासूबाईंना विचारून आणि जागा त्यांना ठरवू देऊन. बाळाचं सूऽऽ उद्यापासून, कारण त्याला काही विकत आणायचं नाहीये. ह्यात दोन महिने मागे-पुढे होतील, बाळ आजारी पडेल, मावशी गावाला जातील, तेव्हा सगळं एका पिशवीत कोंबून कचरापेटीत जाईल. जाऊ दे, पुढच्या सोमवारी परत सुरू. पाळीचा कप, सोलर, सेंद्रिय धान्य वगैरे गोष्टी वाईट नाहीत, पण ह्या वर्षी नको.

राहिले ते प्लॅस्टिकचे डबे. टाकू नका. आधीच तयार झालेलं प्लॅस्टिक आहे, टाकलंत तर कचरा आणि वर नवीन काच भट्टीतून निघायची ती वेगळीच. गरम आमटी आणि लोणचं तेवढं स्टील-काचेत ठेवा, बाकी रवा-पोह्यांना त्या डब्यांनी काही होत नाही, चिरले की तेव्हा बघू. त्यातले दोन मोठे मात्र आत्ता रिकामे करा. तुमच्या सोसायटीचे झाडणारे काका सकाळी जी सुकी पानं गोळा करतात ती पाऊस पडायच्या आत मागून घ्या, हाताने चुरा, डब्यात दाबून भरा आणि झाकण लावून ठेवा. जुलैमधे कितीही शोधलीत तरी कोरडं पान मिळत नाही, आणि दसऱ्याला बादली लावाल तेव्हा पहिली ओंजळ तिथूनच लागणार आहे.